चुलीपुढची पाठमोरी बाई

हौसाक्काच्या हातात जुनं पुस्तक आलं की ती आधी त्यातल्या बायका बघायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळं अक्षरांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पानं भराभर उलटायची, चित्र आलं की थांबायची, पुस्तक खिडकीच्या उजेडात धरायची आणि लग्नाच्या गर्दीत ओळखीचं माणूस हुडकावं तशी चित्रातल्या बाईकडं बघायची. मग म्हणायची, "ही न्हाय." पुस्तक खाली ठेवून लगेच कामाला लागायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई डोक्यानं थोडी हललेली आहे. तसं मी तिला पुढं सांगितलंही. ती म्हणाली, "आसंल की. हललेल्या माणसालाच हालचाल करावी लागती."

आम्ही दोघी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बाइंडिंगखान्यात कामाला होतो. साठ सालानंतरची गोष्ट. छापखान्यातून मोठाले छापील कागद यायचे. ते दुमडून फर्मे करायचे, फर्मे शिवायचे, खळ लावायची, असं आम्हा बायकांचं काम. पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापायच्या हे पुरुषांचं. पावसाळ्याआधी गावातल्या वाचनालयांची जुनी, फाटकी पुस्तकं गठ्ठ्यांनी नव्या बांधणीला यायची. मालकाला आम्ही अण्णा म्हणायचो. माणूस बरा होता, पण विनोद करायची खोड होती, आणि मालकाच्या विनोदाला हसावं लागतं.

हौसाक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढं होती. उंच, हाडकुळी, कपाळ मोकळं. आवाज असा, की ती कानात बोलली तरी रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायचा. चटईवर ती नेहमी डाव्या टोकाला बसायची, कारण ती कागद डाव्या हातानं दुमडायची आणि मधे बसली की शेजारणीला कोपर लागायचं. घडीवर बांबूची पट्टी अशी ओढायची, की ती घडी परत उलगडली तरी रेघ जात नसे. नवीन बाई आली की तिला पहिलं वाक्य ऐकवायची, "पयली घडी चुकली की पुस्तक जन्मभर वाकडं. माणसाचंबी तसंच, पण माणसाला परत दुमडता येत न्हाय." हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण त्या चटईवर वाचता येणारी मी एकटीच. त्यामुळं नवा गठ्ठा सुटला की हौसाक्काची हाक यायची, "इंदे, नाटक हाय का बघ गं त्यात." नाटक निघालं, आणि तेही जुनं, जाड कागदाचं, चित्रांचं, तर ती जेवण टाकून उठायची. कादंबरी, पोथी, गणिताचं पुस्तक, कशाकडं बघायची नाही. आणि नाटकातलीही सगळी चित्रं बघायची नाही. दरबार आला, राणी आली, अप्सरा आली की पान उलटलं. चूल, जातं, पाळणा, माजघर आलं की थांबायची.

एकदा जेवताना मी सरळ विचारलं, "आक्का, तू शोधतीस तरी कुणाला?"

"आईला," ती म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तिची गोष्ट थोडक्यात अशी. तिचा बाप सुतार. पण तो दारं-खिडक्या करत नव्हता, छापखान्यासाठी लाकडाचे ठसे कोरायचा. पूर्वी जस्ताचे ब्लॉक नव्हते. चित्र हवं असेल तर गुळगुळीत फळीवर ते उलटं काढायचं, बारीक पटाशीनं कोरायचं आणि शाई लावून अक्षरांबरोबर छापायचं. त्या काळी नाटकांची पुस्तकं खूप छापली जायची आणि त्यात अशी घरातली चित्रं असायची. नवरा जेवतोय, सासू बोलतेय, बाळ रडतंय. हौसाक्का अंगावर पीत असतानाच प्लेगच्या, गाठीच्या साथीत आई गेली. बापानं पोरीला जवळच्या गडमुडशिंगी गावी आपल्या बहिणीकडं ठेवलं आणि तो कोल्हापुरात ठसे कोरत राहिला. आईचा फोटो नव्हता. तेव्हा गरिबाचा फोटो कोण काढणार?

पोर जरा मोठी झाल्यावर तिनं एकदा बापाला विचारलं, "आई दिसायला कशी हुती?"

बाप म्हणाला, "नाटकाच्या पुस्तकात हाय की ती. घरातली बाई कोरायची म्हंजे कुणालातरी म्होरं बसवाय लागतं. मी परक्या बाईकडं टक लावून बघू व्हय? तुझ्या आईलाच बसवायचो."

कुठल्या पुस्तकात, हे विचारायचं पोरीच्या डोक्यात आलं नाही. पुढं बाप गेला, तो छापखानाही बंद पडला. हौसाक्काचं लग्न झालं, मुलं झाली, नवरा वारला. कामाची वेळ आली तेव्हा तिला गुऱ्हाळावर काम मिळत होतं, शेंगा फोडायचं मिळत होतं. ती मुद्दाम बाइंडिंगखान्यात आली. "जुनी पुस्तकं हितंच मरायला येत्यात," ती म्हणाली, "कवातरी ती बी येईल."

ही गोष्ट चटईवर सगळ्यांना माहीत झाली आणि मग चेष्टेला ऊत आला. शेवंता म्हणून एक फटकळ बाई होती. ती म्हणायची, "द्रौपदीला पाच नवरं, पर हौसाक्काला पन्नास आया!" हौसाक्का उलट म्हणायची, "तुला एक हाय, तिला तरी बघतीस का गं नीट?" शेवंता लगेच सुईत दोरा ओवायला लागायची, कारण तिचं आईशी भांडण होतं आणि ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

ती चित्रं मीही बघितली. खरं सांगायचं तर त्यातल्या बायका सगळ्या एकीसारख्या एक. डोळे माशासारखे, नाक सरळ, नथ नाकापेक्षा मोठी. दळणारी तीच, पाळणा हलवणारी तीच, सवतीशी भांडणारी तीच आणि सवतही तीच. मला गोड बोलता येत नाही. मी म्हणाले, "आक्का, तुझ्या बापाला एकच तोंड कोरता येत होतं."

"मग ते एक तोंड कुणाचं आसंल?" तिनं विचारलं.

पण तिचं स्वतःचंही तेवढ्यावर समाधान नव्हतं. कारण दुसऱ्या कारागिरांच्या बायकाही तशाच दिसायच्या, तो त्या काळचा साचाच होता. बापाचं काम ती एका खुणेवरून ओळखायची. बाकीचे कारागीर माणसं कोरायचे आणि जमीन कोरी सोडायचे. तिचा बाप जमीन सारवलेली दाखवायचा, शेणाच्या हाताचे अर्धगोल वळसे, बोटांच्या रेघांसकट. तसली जमीन दिसली की हौसाक्का म्हणायची, "ह्यो माझा बाप." आणि मग वर बाईच्या तोंडाकडं बघायची आणि हळूच म्हणायची, "पर ही तीच का, कसं सांगू?" तिला एक तरी अशी बाई हवी होती जिच्याबद्दल शंका राहणार नाही. एवढंच तिचं मागणं होतं आणि ते कुणाच्या हातात नव्हतं.

असे बरेच पावसाळे गेले.

मग एका वर्षी गावातल्या एका जुन्या वाचनालयाचा गठ्ठा आला. त्यात एक नाटक निघालं, वरचा पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळं नावही कळेना. आत एक घरातलं चित्र होतं. भिंतीला फडताळ, त्यावर भांड्यांची उतरंड. एका बाजूला नवरा पाटावर जेवायला बसलेला. दुसऱ्या बाजूला, पानाच्या अगदी कडेला, चूल. चुलीपुढं बाई, आपल्याकडं पाठ करून बसलेली, तव्यावरची भाकरी उलटताना. आणि खाली जमीन सारवलेली. चित्राखालची ओळ मी वाचून दाखवली, "रखमा पतीस ऊन भाकरी करून वाढते."

"कोण रखमा? माझ्या आईचं नाव किस्नाबाई," हौसाक्का म्हणाली. पण बाईचं तोंडच नाही म्हटल्यावर ती हिरमुसली आणि पुस्तक खाली ठेवणार, एवढ्यात अण्णा मागून वाकून बघत म्हणाले, "अरे, हा ठसा चुकलाय! बघा, बाई डाव्या हातानं भाकरी उलटतेय. कारागीर चित्र उलटं काढायला विसरला. सरळ कोरलं की छापताना डाव्याचं उजवं होतं आणि उजव्याचं डावं. कोण हा गाढव?" आणि हसले. आम्ही सवयीनं हसलो.

हौसाक्का हसली नाही. तिनं पोर पदराखाली घ्यावं तसं पुस्तक मांडीखाली घेतलं आणि फर्मे दुमडायला लागली. आई सापडली नाही ती नाहीच, वर बाप गाढव ठरला. पुढचे काही दिवस तिचा आवाज चटईवरसुद्धा ऐकू येईना. शेवंतानं दोनदा डिवचून बघितलं, तरी ही गप्प. एकदाच म्हणाली, "माझा बाप दारू प्यायचा, बहिणीला शिव्या द्यायचा, सगळं खरं. पर हातात पटाशी आसली की चुकत नव्हता."

मला ती गप्प बसलेली बघवत नव्हती. प्रेमापेक्षा तिच्या आवाजाची सवय म्हणा. एका दुपारी मी ते पुस्तक ओढून घेतलं आणि चित्र नीट बघितलं. आम्ही सगळ्या बाईकडंच बघत बसलो होतो. मी नवऱ्याकडं बघितलं.

"आक्का, हा बाप्या कुठल्या हातानं जेवतोय गं?"

"कुठल्या म्हंजे?"

"बघ की."

तिनं बघितलं. नवरा उजव्या हातानं घास घेत होता. डावा हात गुडघ्यावर.

मी म्हणाले, "ठसा उलटा झाला असता तर हाही डाव्या हातानं जेवला असता. हा बरोबर आहे. मग बाई चुकलेली कशी?"

शेवंतासुद्धा सुई हातात धरून बसली. हौसाक्का चित्राकडं बघत राहिली. तिच्या त्याच डाव्या हातात बांबूची पट्टी होती. त्या हाताच्या मनगटावर एक जुना, पांढरा पडलेला डाग होता. मी तो रोज बघायची, विचारलं कधी नव्हतं. आता तिनंच सांगितलं. लहानपणी आत्या तिचा डावा हात फडक्यानं बांधून ठेवायची. तरी पोर डाव्या हातानंच जेवायला जायची. एकदा तापलेलं उलथनं लावलं होतं. तेव्हापासून जेवण आणि वाढणं उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्यानं.

"डावरा हात लक्ष्मीला चालत न्हाय म्हणायची आत्ती," ती म्हणाली. मग पट्टी खाली ठेवली. "आत्तीला ठावं हुतं की मग. मी कुणावर गेलो ते ठावं हुतं. म्हणून तर बांधत हुती. पर सांगितलं न्हाय रांडंनं."

त्या दिवशी ती रडली नाही. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस रडतं. तिनं उरलेले फर्मे दुमडले, हात धुतले आणि घरी गेली. अण्णांना मी चित्रातला नवरा दाखवला. ते म्हणाले, "खरंच की, कारागीर पक्का होता." आणि तसं त्यांनी दुसऱ्या दिवशी हौसाक्कालाही सांगितलं. मालक एवढं म्हणाला हे पुष्कळ झालं.

मी तिला म्हणाले, "पान सुटलंच आहे. काढून घे. वाचनालयवाले काय पानं मोजणार आहेत?"

ती माझ्यावर खेकसली, "आई चोरून आणू व्हय? उद्या कुणी इचारलं तर काय सांगू, आई कुठनं आणली?"

तिनं ते पान पातळ कागदाची पट्टी लावून परत जागेवर बसवलं आणि पुस्तक स्वतः शिवलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. शिवून झालं आणि ते कटिंगच्या मशिनीकडं गेलं. जुनं पुस्तक नव्यानं बांधलं की तिन्ही बाजूंनी सुरी मारतात, म्हणजे कडा एकसारख्या होतात. दर बांधणीला पुस्तक थोडं थोडं लहान होत जातं. आम्ही हे रोज करायचो, कुणाच्या मनात काही यायचं नाही. पण त्या चित्रात चूल पानाच्या अगदी कडेला होती. सुरी बसली असती तर पाठ राहिली असती, नवरा राहिला असता, फडताळ राहिलं असतं. हात गेला असता.

हौसाक्का चटईवरून उठली. मशीनवाल्याला म्हणाली, "ह्याला सुरी लावायची न्हाय."

तो म्हणाला, "मावशे, असं बिनकापलेलं पुस्तक कुत्र्यानं चावल्यासारखं दिसंल."

"दिसू दे."

अण्णा आले. त्यांनी समजावलं, वाचनालय असलं काम घेणार नाही, परत पाठवील, आपलं नाव खराब होईल. हौसाक्कानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपला डावा पंजा सुरीखाली पुस्तकावर ठेवला. म्हणाली, "मारा मग. दोन्ही हात एकदमच जाऊ द्यात."

मला असला नाटकीपणा आवडत नाही आणि तेव्हाही आवडला नव्हता. मी तिला तसं ओरडूनही सांगितलं. पण अण्णा पांढरे पडले. म्हणाले, "हौसाक्का, हात काढा आधी. न्या तुमचं पुस्तक." आणि ते पुस्तक बिनकापलेलंच वाचनालयात गेलं. परत काही आलं नाही.

त्यानंतर हौसाक्कानं जुनी नाटकं बघायचं सोडून दिलं. गठ्ठा सुटला तरी मान वर करायची नाही. त्याऐवजी रविवारी ती त्या वाचनालयात जायला लागली. तिथं म्हातारे पेपर वाचत बसायचे, कॉलेजची मुलं यायची, लुगड्यातली आणि वाचता न येणारी अशी बाई कधी आली नव्हती. पहिल्या दिवशी ग्रंथपालांनी विचारलं, "कोणतं पुस्तक हवंय बाई?" ती म्हणाली, "कुत्र्यानं चावलेलं." त्यांना बरोबर कळलं. कपाटात तसं एकच होतं.

ती ते पुस्तक उघडायची आणि त्या एकाच पानावर बसायची. सुरुवातीला लोक बघायचे, नंतर बघेनासे झाले. ग्रंथपाल तिला म्हणाले, "हौसाबाई, फोटोग्राफरला बोलावून ह्या चित्राचा फोटो काढून देऊ का? घरी लावता येईल." ती म्हणाली, "नगं. घरी लावलं की रोज दिसंल, रोज दिसलं की दिसायचं बंद हुईल." मला हे तिनं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, तू खुळी आहेस. आता मला तसं वाटत नाही. माझ्या घरात माझ्या आईचा फोटो आहे आणि मी कितीतरी दिवसांत त्याच्याकडं बघितलेलं नाही.

मी एकदा तिला विचारलं, "आक्का, एवढं करून तोंड तर दिसलंच नाही. काय मिळालं तुला?"

"तोंड सगळ्यांचं सारखंच कोरलं हुतं माझ्या बापानं," ती म्हणाली, "ते दिसलं आसतं तरी मी म्हटलं आसतं, ही कशावरनं? हात मातुर तिचाच. दुसऱ्या कुणाचा बाप आसला हात मुद्दाम कोरंल? लोक हसतील हे त्याला कळत नव्हतं व्हय? तरी कोरला."

नातीला ती कधी डाव्या-उजव्यावरून बोलली नाही. नात उजवीच होती, त्यामुळं त्यात काही मोठेपणा नव्हता. पण सून एकदा शेजारच्या पोराला डाव्या हातावरून टोकत होती, तेव्हा हौसाक्कानं सुनेला अख्ख्या गल्लीसमोर झोडपलं. तोंडानं. सून मला म्हणाली, "मावशी, एवढं चिडायला काय झालं हो त्यांना?" मी म्हणाले, "तुझ्या सासूलाच विचार." तिनं विचारलं की नाही, मला माहीत नाही.

ऐंशी सालाच्या पुढं हौसाक्काचे डोळे काचबिंदूनं गेले. काम आधीच सुटलं होतं. बाइंडिंगखान्यातही शिवणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या, यंत्रं आली होती. नंतर दोनेक वर्षांत ती वारली. मर्तिकाचं मी लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. त्याआधीचं एक लिहिते.

डोळे गेल्यावर तिचं वाचनालयात जाणं बंद झालं होतं. एका रविवारी मी भेटायला गेले तर म्हणाली, "इंदे, मला घेऊन जा की." मी म्हणाले, "आंधळी बाई वाचनालयात जाऊन काय करणार? लोक हसतील." ती म्हणाली, "हसू दे. तुझं डोळं हायत न्हवं?" मी तिला हाताला धरून नेलं. पायऱ्या चढताना मला शिव्या घातल्या, कारण मी भराभर चढत होते. ग्रंथपालांनी न विचारता पुस्तक काढून दिलं.

पान उघडून मी तिच्यापुढं ठेवलं. तिनं कागदावर हात ठेवला, फिरवला मात्र नाही. म्हणाली, "सांग काय काय हाय."

मी सांगायला लागले. भिंत. फडताळ. उतरंड. नवरा पाटावर बसलाय.

"जेवतोय का?"

"जेवतोय. तो काय उठतोय एवढ्यात."

"जमीन?"

"सारवलेली. बोटं उमटलीत."

"आणि ती?"

"चुलीपुढं आहे."

तिनं हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानानं हळू, पण पेपर वाचणारे सगळे वर बघतील एवढ्यानं विचारलं, "तोंड फिरवलं का गं तिनं?"

मी चिडले. म्हणाले, "आक्का, चित्रातली बाई तोंड कसं फिरवंल? पाठच आहे. तेव्हाही पाठ होती, आताही पाठच आहे."

"व्हय की," ती म्हणाली. "सैपाक कुठं झालाय अजून."

ग्रंथपाल घड्याळाकडं बघत होते, बंद करायची वेळ होत आली होती. मी पुस्तक मिटायला हात लावला. तिनं माझं मनगट धरलं.

"मिटू नगंस इतक्यात. भाकरी तव्यावर हाय."